टॅबधारी बालकाचे संगोपन : गोराईकर पालकांसाठी काही सूचना

दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा अजिबात दाखवू नये, असे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे म्हणणे आहे. पाळायला सोपे आहे. बाळाला मांडीवर घ्यावे आणि टॅब आपण बघावा. नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल करायला मुभा आहे. त्यामुळे मावशा, आत्या यांची यादी आधीच करून ठेवावी.

दोन ते पाच वर्षे : दिवसाला एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. हा तास जेवणाला लावावा. पहिल्या घासाला कार्टून सुरू, शेवटच्या घासाला बंद. मग शेवटचा घास येऊच नये याची जबाबदारी मूल आपणहून उचलते आणि वरणभात गालात धरून पाऊण तास बसते. आपण म्हणावे, ‘शहाणं आहे, सगळं जेवतं.’

पाच ते दहा वर्षे : दोन तासांहून कमी. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तो यात धरू नये. पासवर्ड दर आठवड्याला बदलावा. विसरल्यास मुलाला विचारावा.

मुलाला मोकळी हवाही दाखवावी. एस्सेल वर्ल्ड हे करमणूक उद्यान २०२२ मध्ये बंद झाले, पण होडी आहे, खाडी आहे, पलीकडे गोराईचा किनारा आहे. होडीत मूल तिवरांतला बगळा दाखवू लागले तर ‘हलू नकोस, रील बिघडते’ असे प्रेमाने सांगावे.

एवढे करूनही घरातला पडदा आटोक्यात येत नसेल, तर गोराईच्या विपश्यना पॅगोड्याशेजारी धम्मपत्तन हे विपश्यना केंद्र आहे. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात मोबाइल सुरुवातीलाच जमा करून घेतात. हे शिबिर मोठ्यांचे आहे. आपल्याला सुट्टी मिळत नाही, असे लगेच जाहीर करावे.

राहता राहिला सामुदायिक उपाय. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. आपल्या सोसायटीतही असा ठराव जरूर मांडावा. फक्त सातला आजींची मालिका असते, आठला आजोबांच्या बातम्या, नंतर बाबांची मॅच आणि आईचे ऑफिसचे कॉल. सर्वांच्या सोयीने रात्री दोन ते साडेतीन ही वेळ सुचवावी. एकमताने मंजूर होईल.