पाळणा एकच आहे

गोकुळाष्टमीच्या रात्री बाराच्या ठोक्याला दुसरबीडमध्ये देव जन्मतो. मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. एसटी, थ्री-फेज वीज आणि पीकविमा या तिघांना आजवर जे जमलं नाही, ते देवांना दरवर्षी जमतं. चैत्रात राम भर दुपारी बाराला येतो, मारुती सूर्य उगवताना, दत्त मार्गशीर्षी पौर्णिमेला तिन्हीसांजेला, माघातला गणपती पुन्हा दुपारी. कळा लांबल्या, बुलडाण्याला हलवा, रक्ताची बाटली आणा, अशी धावपळ नाही. गुलाल उधळला, पाळण्याची दोरी ओढली, की बाळ-बाळंतीण सुखरूप.

बाळंतीण म्हणजे नक्की कोण, हे मात्र सुंठवडा वाटताना समजतं. सुंठ, सुकं खोबरं, खसखस, साखर, हा मुळात बाळंतिणीचा खुराक. आमच्याकडे कळा देवकीला आणि सुंठवडा मंडळाच्या अध्यक्षांना, अशी वाटणी आहे. अध्यक्ष दोनदा हात पुढे करतात. बराच अशक्तपणा आलेला असावा.

आता ही यादी पुन्हा वाचा. राम, मारुती, कृष्ण, गणपती, दत्त. पाचही मुलगे. वैशाख शुद्ध नवमीला, रामनवमीनंतर बरोबर महिन्याने, सीतानवमी येते. त्या दिवशी पारावर विचारून बघा आज काय आहे म्हणून. लग्नाची तिथी दाट आहे, एवढंच उत्तर मिळेल. देवी नवरात्रात बसते, दसऱ्याला उठते. ती येते तीच थेट राक्षस मारायच्या ड्यूटीवर. तिचा पाळणा हललेला मी तरी पाहिला नाही.

दशरथालाही एक मुलगी होती. भागवतात आहे: शांता नाव. ती त्याने रोमपाद राजाला देऊन टाकली आणि पुढे तिचं लग्न ऋष्यशृंगाशी झालं. हेच ऋष्यशृंग नंतर अयोध्येत आले आणि त्यांनी दशरथासाठी पुत्रकामेष्टी केली. म्हणजे लेक दिली दत्तक आणि जावयाला बसवलं मुलासाठी यज्ञाला. आपल्या भागात ही गोष्ट ऐकून कुणी दचकणार नाही.

खुद्द अष्टमीच्या रात्रीचंच घ्या. त्या रात्री जन्म दोन झाले. मथुरेच्या तुरुंगात देवकीला मुलगा, गोकुळात यशोदेला मुलगी. वसुदेवाने पुरातून मुलगा पलीकडे नेला आणि मुलगी तुरुंगात आणून ठेवली. मुलगा वाचवायचा होता, त्यासाठी मुलगी पाठवली. मुलगी आहे, हिला तरी सोड, असं देवकीने विनवलं. कंसाने पाय धरून तिला शिळेवर आपटायला उचललं. ती हातातून निसटली, आकाशात गेली आणि तुझा वैरी दुसरीकडे जन्मलाय, एवढं ऐकवून गेली. कथेकरीबुवा हा प्रसंग दीड मिनिटात आटोपतात, कारण बारा वाजत आलेले असतात.

कंस तसा जुन्या वळणाचा. मूल जन्मेपर्यंत थांबायचा. त्याच्याकडे यंत्र नव्हतं. आपल्याकडे यंत्र आलं, मग 1994 साली त्यावर कायदा आला, मग भिंतीवर फलक आला की इथे गर्भलिंग निदान होत नाही. फलक बुलडाणा जिल्ह्यातही लागले. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 908 मुली होत्या. 2011 ला 855. राज्यात त्या वेळी 894. पुढची मोजणी 2021 ला व्हायची होती, ती झालीच नाही. देव वेळेवर येतात, जनगणनेचं तसं नसतं.

आणि हे घडलं कुठे? आमचा तालुका सिंदखेड राजा. लखुजी जाधवांच्या वाड्यात 12 जानेवारी 1598 ला मुलगी झाली आणि बापाने हत्तीवरून साखर वाटली असं सांगतात. दर 12 जानेवारीला त्या वाड्यासमोर पाय ठेवायला जागा नसते, भाषणात प्रत्येक जण घराघरात जिजाऊ जन्मावी म्हणतो. शेजारच्या घरात, असं म्हणायचं असावं. 1598 साली सिंदखेडला सोनोग्राफी सेंटर नव्हतं, हे महाराष्ट्राचं नशीब म्हणायचं.

या सगळ्यामुळे मी अष्टमीच्या बैठकीत एक सूचना मांडली. बारा वाजता कृष्णाचा पाळणा हलवा, बारा-पाचला यशोदेच्या मुलीचा. विरोध कुणीच केला नाही; अडचणी फक्त सांगितल्या. एक म्हणाले, परवानगीच्या अर्जात पाळणा एकच लिहिलाय. दुसरे म्हणाले, बारा-पाचला लोक घरी जातात. तिसऱ्यांना प्रसादाची काळजी: मुलाला पेढे ठरलेले, मुलीला बर्फी द्यायची तर आचारी वेगळे पैसे घेतो. खजिनदारांनी वही काढली. कृष्णाच्या पाळण्याला यजमान पुढच्या कित्येक वर्षांचे लागून आहेत, हिच्या पाळण्याला एक यजमान आणा, लगेच हलवू.

कोपऱ्यात वाती वळत एक आजी बसल्या होत्या. त्यांना सूचना अजिबात आवडली नाही. म्हणाल्या, "निसटली म्हून वाचली ती, बापा. तिला पुन्हा कामून बोलावता इथं?"