युरो कितीला पडला?

ल्युसर्नच्या एका दुकानातली स्लिप माझ्यासमोर आहे. शाई उडत चाललीय, पण आकडे अजून वाचता येतात. मावशी-काकांनी तिथं दोन स्विस चाकू घेतले, एक मुलाला, एक जावयाला. किंमत ६० फ्रँक. त्या दिवशी फ्रँक शंभर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे खरेदी सहा हजारांची. स्लिपवर खाली रुपयांतला आकडा आहे ६,३६०. आणि फॉरेक्स कार्डाच्या स्टेटमेंटवर याच खरेदीपोटी जे डॉलर वळते झालेत, त्यांचे रुपये केले तर साडेसहा हजारांच्याही वर जातात. सुमारे ५८० रुपये जादा. काकांचा खिसा कोणी कापला नाही. मशीननं काहीतरी विचारलं, मागे रांग होती, काकांनी बटण दाबलं.

मशीननं विचारलं होतं, पैसे फ्रँकमध्ये देणार की रुपयांत? परक्या मुलखात ‘आयएनआर’ ही अक्षरं दिसली की बरं वाटतं. आपला आकडा, आपल्याला कळणारा. काकांनी रुपये दाबले.

त्याक्षणी काय झालं ते नीट सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. दुकानातल्या मशीननं आपल्या मनाच्या रेटनं फ्रँकचे रुपये केले. तो रेट बँकेचा नाही, कार्डाचाही नाही. मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा. बाजारभावावर सहा टक्के चढवून. तो फरक कंपनी आणि दुकानदार वाटून घेतात. मग ती रुपयांतली मागणी काकांच्या कार्डाकडे आली. कार्डावर रुपये कुठे होते? कार्डावर होते डॉलर. मग रुपयांचे डॉलर झाले आणि त्यावर साडेतीन टक्के दुसऱ्या चलनात खर्च केल्याचे कापले गेले. रुपये देऊन सांगलीत डॉलर घेतले, ल्युसर्नमध्ये फ्रँकचे रुपये झाले, रुपयांचे परत डॉलर झाले. दोन चाकूंसाठी पैसा तीनदा बदलला आणि दर वळणावर कोणीतरी हात मारला.

कार्ड कंपन्यांच्या नियमाप्रमाणे ग्राहकाला विचारावं लागतं. विचारतातही. पण कसं विचारतात ते बघा. रुपयांचा पर्याय ठळक, हिरवा. दुसरा पर्याय कोपऱ्यात. एटीएमवर तर त्याहून वाईट. तिथं स्थानिक चलनात पैसे हवे असतील तर ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ असं बटण दाबावं लागतं. डिक्लाइन म्हणजे नकार, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून माणूस घाबरतो. व्यवहारच रद्द होईल, कार्ड अडकेल, मागचे लोक बघतील. साठी ओलांडलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता परक्या गावात एटीएमपुढे उभं करून ‘नकार द्या’ म्हणणं ही चलाखी आहे, आणि मला तिचा राग येतो. त्या बटणानं फक्त मशीनचा रेट नाकारला जातो. पैसे येतात. निर्धास्त दाबा.

जिथं असाल तिथलं चलन. पॅरिसात युरो, लंडनमध्ये पौंड, दुबईत दिरहॅम. दुकानात, हॉटेलात, एटीएमवर, विमानतळावर. मशीननं रुपये दाखवले तर नको म्हणायचं.

आता मूळ चूक. युरोपला निघालेल्या माणसाच्या कार्डावर डॉलर कसे आले? सांगलीत चलन घेतलं त्या काउंटरवरच्या मुलानं सांगितलं, ‘काका, डॉलर सगळीकडे चालतो.’ चालतो, खरं आहे. घासून घासून चालतो. डॉलरचं कार्ड पॅरिसात कॉफीला वापरलं की दर कपामागे दोन ते साडेतीन टक्के जातात, त्याला ते क्रॉस करन्सी चार्ज म्हणतात. कार्डावर युरो लोड केले असते तर ही रक्कम शून्य. हल्ली एकाच कार्डावर अनेक चलनं ठेवता येतात. डॉलर, युरो, पौंड, फ्रँक, दिरहॅम, येन, सिंगापूर डॉलर. काका बारा दिवसांत फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटलीत राहिले. दोन भाग युरो, एक भाग फ्रँक, डॉलर एकही नको. हे सांगायला त्या मुलाला अर्धं मिनिट लागलं असतं.

आणि त्याआधीची चूक, जी सगळ्यात महाग पडते आणि कुठल्याच स्लिपवर दिसत नाही. काउंटरच्या काचेवर पाटी असते, ‘कमिशन शून्य’. कमिशन शून्यच असतं, कारण कमाई रेटमध्ये असते. समजा बाजारात युरो १०० रुपयांना आहे आणि तुम्हाला तो १०२ रुपये ५० पैशांना दिला. दोन हजार युरो घेतलेत तर पाच हजार रुपये तिथंच गेले. पावतीवर त्याची वेगळी ओळ नसते. ओळ असते जीएसटीची. चलन बदलण्यावरचा हा कर पूर्ण रकमेवर लागत नाही, एका ठरलेल्या छोट्या हिश्श्यावर लागतो. दोन लाख पाच हजारांच्या व्यवहारावर तो होतो साधारण पावणेतीनशे रुपये. लोक त्या पावणेतीनशेवरून काउंटरवर हुज्जत घालतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. पाच हजारांबद्दल तोंडातून शब्द निघत नाही.

का निघत नाही? मला वाटतं, परकीय चलन म्हटलं की आपल्या लोकांच्या मनात अजून सरकारी कचेरीचा दरारा आहे. सत्तरच्या दशकात बाहेर निघालेल्या माणसाच्या हातावर आठ डॉलर टेकवले जायचे. घराघरांत ती गोष्ट सांगितली जाते, अमुक मामा आठ डॉलर घेऊन अमेरिकेत उतरले. तेव्हा चलन मिळणं हीच मेहेरबानी होती, रेट विचारायची सोय नव्हती. आज एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेण्याची मुभा आहे. आपण गिऱ्हाईक आहोत. मंडईत मेथीच्या जुडीचा भाव तीन ठिकाणी विचारणारी माझी मावशी इथं दोन लाख रुपये ‘बरं’ म्हणून देऊन आली.

तर विचारायचं कसं? ‘रेट काय’ असं नाही. ‘चार्जेस किती’ असंही नाही. सरळ म्हणायचं, ‘माझ्या कार्डावर दोन हजार युरो पडले पाहिजेत, सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जाणार?’ एक आकडा. कार्डाची फी, कर, रेट, सगळं त्यात आलं. हाच प्रश्न तीन ठिकाणी विचारायचा, एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात, कारण भाव हलतो. आपल्या बँकेत विचारा, दुसऱ्या बँकेत विचारा, परवानाधारक मनी चेंजरकडे विचारा. एफबीआयएल ही संस्था कामाच्या दिवशी दुपारी डॉलर, युरो, पौंड आणि येनचा संदर्भ दर जाहीर करते. तो फोनवर बघून जा. समोरच्याला कळलं पाहिजे की तुम्हाला भाव ठाऊक आहे. घासाघीस होते. माझ्यासमोर युरोमागे ऐंशी पैसे उतरलेत. शनिवार-रविवारी मात्र जाऊ नका. बाजार बंद असतो, सोमवारी काय होईल या भीतीपोटी रेट फुगवून ठेवलेला असतो.

‘झिरो मार्कअप’ कार्डांबद्दल बरेच जण विचारतात. एरवीचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं तर बहुधा साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी, मिळून चार टक्क्यांच्या वर जातात. झिरो मार्कअपवाली कार्डं हे घेत नाहीत, खर्च होतो त्या दिवशीच्या कार्ड कंपनीच्या दरानं पैसे कापतात, आणि तो दर बऱ्यापैकी बाजाराजवळ असतो. पगारदार, फोनवर बँक चालवणाऱ्या, पस्तिशीच्या माणसानं खुशाल तेच घ्यावं, फॉरेक्स कार्डापेक्षा स्वस्त पडतं. आईवडिलांना मात्र मी अजूनही प्रीपेड फॉरेक्स कार्डच देईन. आयुष्याची पुंजी ज्या खात्यात आहे त्या खात्याचं कार्ड रोमच्या मेट्रोत खिशात घालून फिरायला नको. प्रीपेड गेलं तर जेवढे भरले तेवढेच जातील. शिवाय किती उरले हे रोज संध्याकाळी कळतं, त्यांना त्याचा फार आधार वाटतो.

कार्ड घेताना पाकिटात बहुतेक वेळा दोन कार्डं मिळतात, एक मुख्य, एक राखीव. काकांनी दोन्ही एकाच पाकिटात ठेवली होती! एक मावशीच्या पर्समध्ये, किंवा सरळ बॅगेच्या तळाशी.

ओटीपीचं निघण्याआधी बघा. तिकडे पोहोचल्यावर मुलगा कौतुकानं तिथलं सिम घालून देतो, आपलं सिम काढून कागदाच्या पुडीत जातं, आणि मग संग्रहालयाचं तिकीट ऑनलाइन काढताना ओटीपी त्या पुडीतल्या सिमवर येत राहतो. ईमेलवर ओटीपी येतो का ते काउंटरवर विचारून घ्या, किंवा आपलं सिम रोमिंगला चालू ठेवा. सोबत नेहमीचं डेबिट कार्ड नेणार असाल तर त्याचा परदेशी वापर ॲपमधून चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवी कार्डं मुळात फक्त देशात चालतील अशीच येतात. हे माहीत नसल्यानं माणसं ‘कार्ड खराब आहे’ म्हणून रडकुंडीला येतात.

थायलंड. आपल्याकडच्या कितीतरी जणांचा पहिला परदेश तोच, म्हणून जरा थांबते. तिथल्या बहुतेक बँकांची एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट घेत आली आहेत. दोन हजार बाट काढले की अकरा टक्के तिथंच साफ. वीस हजार काढले तर एक टक्क्याच्या आसपास. तेवढंच २२०. वर आपल्या कार्डाची एटीएम फी वेगळी, बहुधा दोनेक डॉलरच्या घरात. आणि रात्रीच्या बाजारात, गाड्यावरच्या नूडल्सला, टुकटुकला रोखच लागते. मग लोक काय करतात? थोडे थोडे काढतात, जपून. रोज दोन हजार. पाच दिवसांत अकराशे बाट एटीएमला वाहिले जातात. जपायचंच असेल तर एकदाच मोठी रक्कम काढून हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, किंवा इथूनच बाट घेऊन जा. नोटांच्या रूपात एका प्रवासाला बहुतेक देशांसाठी तीन हजार डॉलरपर्यंत नेता येतात. चार-आठ दिवसांच्या बाजारहाटाला त्याच्या पावपटही पुरे.

युरोपातही थोडी नाणी लागतात. स्वच्छतागृहाच्या दारात पन्नास सेंट, एक युरो. मधुमेह असलेल्या माणसाला तिथं सुटे नसणं म्हणजे काय, हे मावशीला विचारा.

हॉटेलात चेक-इन करताना अनामत म्हणून जी रक्कम अडवून ठेवतात, तिच्यासाठी प्रीपेड कार्ड पुढे करू नका. तुम्ही निघून गेल्यावरही ती सुटायला कित्येक दिवस लागतात आणि तोवर तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. भाड्याच्या गाडीचे लोक तर प्रीपेड बहुधा घेतच नाहीत. या दोन कामांना क्रेडिट कार्ड.

यूपीआय चालतं का? काही ठिकाणी चालतं. २०२४ च्या फेब्रुवारीत श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये सुरू झालं, त्याच महिन्यात आयफेल टॉवरच्या तिकिटालाही. चाललं तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर घर सोडू नका. आणि टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे नेताना आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराची, भीती बहुतेकांनी बाळगायचं कारण नाही. फिरायला नेलेल्या पैशांवर तो वर्षात माणशी दहा लाखांच्या वर गेल्यावरच लागतो, आणि लागला तरी आयकराच्या विवरणात वळता होतो.

काकांना परत येऊन आठ महिने झाले. परवा ती स्लिप बघताना मी त्यांना कार्डावर किती उरलेत ते विचारलं. ‘असतील पन्नासएक डॉलर, पडू देत, पुढच्या वेळी होतील.’ ॲप उघडून बघितलं तर १८७ डॉलर, आणि त्याखाली तीन वेळा कापलेली फी. कार्ड वापरत नाही म्हणून! पैसे आपले, पडून राहिले तर त्यांचं भाडं आपणच भरायचं.

सोमवारी सकाळी काकांना घेऊन त्याच काउंटरवर जातेय. कार्ड, पासपोर्ट, रद्द केलेला चेक आणि ल्युसर्नची स्लिप, सगळं एका पिशवीत काढून ठेवलंय. काकांना दोन प्रश्न कागदावर लिहून दिलेत, ते त्यांनीच विचारायचेत. डॉलर आम्हाला कितीला दिला होता, आणि आता कितीला परत घेणार?