दगड बघणारे सर

ताडकळसमध्ये पुरातत्त्ववाला म्हणजे गुप्तधनवाला. सर सुट्टीत गावी आले की दिवेलागणीनंतर कुणीतरी हळूच ओट्यावर टेकतं. "मामा, आमच्या पडक्या वाड्यात एक जागा हाय. निम्मं तुमचं." सर समजावतात, "अरे, माझा विषय शैलचित्रं. त्यात खोदायचं कमी, बघायचं जास्त." पाहुणा विचार करून म्हणतो, "बरं, साठ टक्के घ्या."

सरांचं खरं दुर्दैव वेगळंच. या विषयाला लागतो उघडा कातळ, आणि माणूस जन्मला काळ्या रानात. भीमबेटका विंध्याच्या वालुकाश्मात, कोकणातली कातळशिल्पं जांभ्याच्या सड्यावर. आपल्याकडं पूर्णा-परभणी गाडीतून दिसतो कापूस, मग सोयाबीन, मग परत कापूस. तरी सर खिडकी सोडत नाहीत. वि. श्री. वाकणकरांना १९५७ साली भीमबेटकाचे खडक गाडीच्या खिडकीतूनच दिसले होते आणि ते पुढच्या स्टेशनावर उतरून उलटे चालत गेले होते. २००३ साली ती जागा जागतिक वारसा झाली. ही कथा सर शेजारच्याला सांगतात. शेजारचा जागा बदलतो.

पोळ्याला सरांना कातळाची उणीव भासत नाही. शेजाऱ्यानं बैल सजवून दारात आणला, की सर पाठीवरच्या गेरूच्या ठशाशेजारी काळी-पांढरी मोजपट्टी धरून फोटो घेतात.

"चुन्यावर गेरू, का गेरूवर चुना?"

"कामून, सर?"

"खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. गुहेतली चित्रं आम्ही अशीच आधी-नंतर लावतो."

"सगळ्यात आधी बैल धुतला, सर. तेवढं लिहून घ्या."

सर खरंच लिहून घेतात.

काळाच्या हिशेबात मात्र ते सढळ. एखादं चित्र किती जुनं विचारलं, तर "आठ-दहा हजार वर्षं, हजार-दोन हजार इकडंतिकडं." किराणा दुकानदार म्हणतो, "उधारीच्या तारखाबी असंच सांगतेत." लग्नाच्या वयात मुलीकडच्यांनी पगार विचारला, तर सरांनी प्रकल्पाची मुदत सांगितली होती. तरी लग्न जमलं. घरी जुनं भांडं मोडीत घालायचं झालं, तर काकू सर आंघोळीला गेल्यावरच काढतात.

हसा, पण एक ध्यानात ठेवा. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, ती अशाच उन्हातान्हात सडे तुडवणाऱ्या वेड्यांमुळं. तेव्हा प्रवासात कुठं कपारीत गेरूचं हरीण दिसलं, तर रंग उठून दिसावा म्हणून पाणी मारू नका, रेघा खडूनं गिरवू नका आणि शेजारी बदाम काढून नाव तर मुळीच कोरू नका. लांबून फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. सरांनाही कळवा, फक्त सकाळची कामं उरकल्यावर, कारण ते तासाभरात फोन ठेवत नाहीत.