मोत्झार्टच्या नावावर किती खपवाल?

अहो, ऐकलंत का? सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत म्हणे शांतता आता फक्त भिंतीवरच्या पाटीत उरलीय. स्पर्धा परीक्षेची पोरं कानांत बोंडं खुपसून राज्यघटना पाठ करतात! हटकलं की उत्तर तयार: "म्युझिक असलं की लक्षात राहतं." आणि बाळ जन्मायच्या आधीच त्याला सिंफनी ऐकवणाऱ्या हौशी घरांबद्दल तर आपण बोलूच नये. (बोलणारच आहोत, जरा थांबा.)

या भानगडीत नाव कोणाचं गुंतलंय? मोत्झार्टचं! १९९३ साली कॅलिफोर्नियात फ्रान्सिस राउशर आणि सहकाऱ्यांनी ३६ कॉलेजकुमारांना त्याचा दोन पियानोंचा सोनाटा १० मिनिटं ऐकवला. मग घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, असल्या कोड्यांत ती मुलं थोडी सरस ठरली. किती वेळ? जेमतेम पंधरा मिनिटं! चहा निवायच्या आत हुशारी खलास. शब्दांच्या पाठांतराचा त्यात संबंध नव्हता, बाळांचा तर मुळीच नाही.

पण १९९८ मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यातल्या प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत पुरवायला चक्क १,०५,००० डॉलर मागितले. आमदारांना वानगीदाखल ऐकवलं काय, तर बेथोव्हेन! म्हणजे मुंडावळ्या एकाला, घोड्यावर दुसराच.

पुढच्याच वर्षी कॅनडातल्या नँटे आणि शेलेनबर्ग यांनी उरलीसुरली अब्रू चव्हाट्यावर आणली. त्यांच्या प्रयोगात ज्यांना संगीतापेक्षा स्टीफन किंगची गोष्ट आवडली, ते गोष्ट ऐकल्यावर चमकले. मन तरतरीत झालं, एवढंच. आता भयकथाकाराची पुस्तकं बाळंतविड्यात द्यायची का? कोणी देईलही, नेम नाही.

संगीताचा खरा उपयोग निघाला तो भलतीकडेच. एडिनबर्गच्या कॅरेन लुडके आणि सहकाऱ्यांनी ६० प्रौढांना अवघी १५ मिनिटं हंगेरियन वाक्यं शिकवली. काहींनी ती नुसती म्हटली, काहींनी ठेक्यात म्हटली, काहींनी गायली. हंगेरियन बोलून दाखवायची वेळ आली तेव्हा गाणारे पुढे! यात हेडफोन नाही, विकायला सीडी नाही. स्वतःचा गळा काढावा लागतो. म्हणूनच याची फॅशन आली नसावी. आपल्याकडे पाढे आणि कविता चालीवर घोकणाऱ्या पिढ्यांना मात्र यात नवल वाटणार नाही.

उलट, शब्द लक्षात ठेवताना मागे शब्दांचंच गाणं चालू असलं तर ते शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात. सालामे आणि बॅडले यांनी हे १९८९ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा राज्यघटनेची कलमं आणि अरिजितचा विरह एकाच कानात नांदायचे नाहीत, बरं का पोरांनो!

आणि ज्येष्ठांनो, तुम्ही हसू नका. त्याच जॉर्जियात, जॉर्जिया टेकमध्ये, सेरा रीव्ह्ज आणि ऑड्री दुआर्ते यांनी चेहरा आणि नाव यांची जोडी लक्षात ठेवायला लावली. मागे संगीत वाजलं तर तरुणांचं फारसं बिघडलं नाही. साठीपुढच्यांना मात्र शांततेच्या तुलनेत सुमारे १० टक्के कमी नावं आठवली. म्हणजे मंगल कार्यालयात काकांनी व्याह्यांना तिसऱ्यांदा "आपलं नाव काय म्हणालात?" विचारलं, तर काकूंनी डोळे वटारायच्या आधी स्पीकरवाल्याला गाठावं.