इंजिन जपलं, खोली पाडली

रेल्वे आपला वारसा जपत नाही, असं कुणी म्हणू नये. दार्जिलिंगची छोटी गाडी १९९९ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, निलगिरीची २००५ मध्ये, कालका–शिमला २००८ मध्ये. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून त्या यादीत आहे. मोठ्या स्थानकांबाहेर जुनी इंजिनं रंगवून चौथऱ्यावर उभी केलेली दिसतात. रूळ ज्यानं सांभाळला, त्याचं घर मात्र या सगळ्यात कुठेच नाही.

मनमाड सोडलं की अंकाई, नगरसूल, तारूर, रोटेगाव, परसोडा, करंजगाव आणि मग आपलं लासूर स्टेशन. निजामाच्या राज्यातून जाणारी ही हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. तेव्हा ती मीटरगेज होती. असा मार्ग नुसते रूळ टाकून चालत नाही. गँगमन, खलाशी, सांधेवाले यांना स्टेशनाजवळ आणून ठेवावं लागतं. म्हणून रेल्वेनं देशभर रुळांच्या कडेनं खोल्यांच्या रांगा बांधल्या. दोन संसारांत एकच भिंत, पुढे अरुंद ओटा, सगळ्या रांगेत मिळून पाण्याची एक जागा.

या रांगेला कलाकुसर नाही, कमान नाही, म्हणून तिला वारसा मानायला कुणी तयार होत नाही. पण ती तिथेच का बांधली, हे विचारलं की तिची किंमत कळते. की-मन रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, रूळ घट्ट धरणारी चावी सैल झाली असली तर हातोड्यानं ठोकून बसवायचा. पावसाळ्यात रात्रीची गस्त असायची. हातात कंदील, पिशवीत फटाके. भराव खचलेला दिसला की रुळावर फटाके लावून गाडी थांबवायची. असा माणूस तीन कोस लांबच्या गावात राहून चालत नव्हता. मध्यरात्री हाक मारली तर पाच मिनिटांत रुळावर हवा, म्हणून त्याचं घर रुळाला चिकटून. त्याची झोप, त्याच्या बायकोची चूल, पोरांचा अभ्यास, सगळं गाडीच्या वेळापत्रकात बसवलेलं. सिग्नल आणि सांधा जितका रेल्वेचा भाग, तितकीच ही खोलीही. ती वगळून रेल्वेचा इतिहास सांगणं म्हणजे अर्धाच इतिहास सांगणं.

आणि बांधणीत उतरंडही स्पष्ट दिसते. साहेबाचा बंगला झाडीत, स्टेशनमास्तरचं घर वेगळं, गँगमनची रांग धुरात आणि धडधडाटात. कोणाची किंमत किती, हे त्या काळच्या कोणत्याही अहवालापेक्षा इथे चटकन वाचता येतं.

मराठवाड्याचा कापूस ज्या मुंबईच्या गिरण्यांकडे गेला, तिथली गोष्ट वेगळी नाही. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ चाळी उभ्या केल्या. खोली १६० चौरस फुटांची. आता त्यांतल्या बहुतेक जागी मनोरे येत आहेत आणि रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतं आहे. ते मिळालंच पाहिजे. संडासासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला ‘तुमची चाळ वारसा आहे, सोडू नका’ असं सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही, मलाही नाही. गळक्या क्वार्टरात पावसाळे काढलेल्या गँगमनलाही नाही सांगता येणार.

पण माणसाला चांगलं घर देणं आणि त्याच्या जुन्या घराची आठवण पुसणं, या दोन गोष्टी एकत्र बांधायचं कारण काय? इंग्लंडात बर्मिंगहॅममध्ये पाठीला पाठ लावून बांधलेल्या कामगार-घरांचं शेवटचं आवार दुरुस्त झालं आणि नॅशनल ट्रस्टनं ते २००४ मध्ये लोकांसाठी उघडलं. तिथे कुणाला कोंडून ठेवलं नाही, खोल्या तेवढ्या राखल्या. इटलीतलं क्रेस्पी द’आद्दा हे कापड गिरणीच्या कामगारांचं गाव १९९५ मध्ये जागतिक वारसा झालं. आपल्याकडे मुंबईत त्याच्या चारच वर्षं आधी, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीच्या विक्रीचा रस्ता मोकळा झाला होता. आणि आपल्याला चाळीचं मोल कळायला परदेशी जायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षं परळच्या बीआयटी चाळीत राहिले. महाडचा सत्याग्रह झाला, तेव्हा त्यांचं घर कामगारांच्या त्याच चाळीत होतं.

स्मारकांचा १९५८ चा केंद्रीय कायदा वास्तू किमान शंभर वर्षांची हवी म्हणतो. ती राजाची असावी, असं तो कुठेही म्हणत नाही. १९०० च्या आसपास बांधलेली रांग कुठे उभी असेल, तर वयाची अट तिनं केव्हाच पूर्ण केली आहे. अडतं ते नजरेपाशी. रेल्वेच्या दफ्तरी अशी रांग म्हणजे ‘मोडकळीस आलेली, पाडण्यायोग्य’ एवढीच नोंद, आणि पाडकामाची निविदा निघाली की तीही संपते.

मागणी मोठी नाही. या निविदांमध्ये एक कलम घाला : पाडण्याआधी रांगेचं मोजमाप, नकाशा आणि छायाचित्रं झाली पाहिजेत. मीटरगेजच्या काळात या रुळावर काम केलेली माणसं आज म्हातारी झाली आहेत. रेल्वेकडे त्यांच्या पेन्शनची नोंद आहे, पत्ते आहेत. त्यांच्याकडे जाऊन त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. बायकांचंही करा, कारण रात्री घरातला माणूस गस्तीवर गेल्यावर खोली त्यांनीच राखली. आणि मनमाड ते छत्रपती संभाजीनगर या टप्प्यात, जिथे जुनी रांग अजून धड असेल तिथे, एक तरी ओळ दुरुस्त करून ठेवा. दोन खोल्या होत्या तशा राखा, उरलेल्यांत गावातल्या पोरांसाठी अभ्यासिका चालवा. हा मार्ग नांदेड विभागात येतो. एका इंजिनाचा चौथरा बांधताना जी फाइल फिरते, तशीच एक फाइल या खोल्यांसाठी नांदेडहून निघू द्या, आणि ती पुढची निविदा निघण्याच्या आधी निघू द्या.