नाकावरची कचेरी

ज्याच्या हुद्द्यास अद्याप स्वतंत्र दालन लाभलेले नाही, अशा मनुष्याने आपले दालन नाकावर चढवून डेक्कन क्वीनमध्ये बसावे, यात कार्यनिष्ठा किती आणि मिजास किती, याचा निवाडा मी तूर्त तहकूब ठेवतो. हेडसेटच्या बाह्यांगावरील कॅमेरे भोवतालचे जग आतल्या पडद्यावर दाखवीत असल्याने मला सर्व काही दिसत होते, परंतु मला दिसते आहे हे कोणासही दिसत नव्हते. आपले कौतुक चोरून न्याहाळावयास याहून सोयीची जागा मिळणे कठीण.

हवेत तीन पडदे टांगून, अंगठा आणि तर्जनी जुळवीत मी हिशेबाचे तक्ते सरकवू लागलो. डोके हलले की गाडी वळली, हे या यंत्रास नेमके उमगत नाही. गाडीत वापरावयाची निराळी सोय काही यंत्रांत असते, माझ्यात नव्हती. सबब खंडाळ्याच्या घाटात प्रत्येक वळणावर माझा ताळेबंद खिडकीबाहेर पडून दरीकडे निघे आणि मी त्यास दोन्ही हातांनी परत ओढी.

येथे आयव्हन सदरलंड या थोर पुरुषाचे स्मरण केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. त्याने १९६८ साली डोक्यावर चढवावयाचे जे यंत्र सिद्ध केले, ते छताला टांगलेले असे, आणि एवढ्या खटाटोपाअंती दिसे काय, तर अधांतरी तरंगणारी रेघांची आकृती! त्या टांगणीस लोक वैगुण्य मानतात. मी तीस त्या यंत्राची थोरवी मानतो. छताचे यंत्र छतापाशीच राही. त्यास मुंबईच्या गाडीचे तिकीट काढता येत नसे, आणि म्हणून साहेबासही कारकुनाच्या नाकावर स्वार होऊन कर्जत गाठता येत नसे. पुणे-मुंबईचा तो सुमारे सव्वातीन तासांचा अवकाश ना घराच्या मालकीचा, ना कचेरीच्या. आमच्या वडिलांच्या पिढीने त्या बिनसाऱ्याच्या इनामात डुलक्या काढल्या, शेजाऱ्याच्या वर्तमानपत्राचे मधले पान मागून घेतले, क्वचित मुलींची लग्नेही जमविली. ते इनाम मी आपण होऊन सरकारजमा केले, वर यंत्राची किंमतही पदरची भरली, हे आठवले की अंगाचा तिळपापड होतो.

शेजारच्या वृद्ध बाई मात्र मजकडे निराळ्याच नजरेने पाहत होत्या. माझ्या फिरत्या हातांच्या टापूतून त्यांनी आपला चहा हलविला, यजमानांच्या कानात काही सांगितले, आणि ज्यास दिसत नाही त्यास ऐकूही येत नसावे अशा खात्रीने, खणखणीत आवाजात विचारले, "ऑपरेशन कधी झालं रे बाळा?"

यंत्र उतरवून खुलासा करणे सभ्यपणाचे झाले असते. परंतु तोवर त्यांनी माझ्या तळहातावर डिंकाचा लाडू ठेवून माझी बोटे स्वतः मिटविली होती, आणि अर्ध्या किलोचे ऐश्वर्य मस्तकी वागवूनही जो आदर पदरी पडला नाही, त्याहून हे वात्सल्य मला शतपटीने सरस वाटले.

"परवाच," मी म्हणालो.

दादर येताच यजमानांनी माझी बॅग उचलली, बाईंनी दंड धरला, आणि "पायरी आहे हं!" असे बजावीत उभयतांनी मला फलाटावर उतरविले; माझी कचेरी फोर्टात आहे, हे सांगावयास तोवर तोंड उरले नव्हते.