वाजलं किती, ऐकलं किती?

रेडिओवर निवेदक ओरडतो, 'या आठवड्याचं नंबर वन!' आणि आपण धरून चालतो की हेच गाणं लोकांना सगळ्यात जास्त आवडलं. मोजलं कुणी? मोजलं काय? एवढे दोन प्रश्नसुद्धा आपण विचारत नाही.

विचारायला हवेत. एअरप्ले चार्ट सांगतो की गाणं किती वाजलं. ते कुणाला हवं होतं का, हे त्या चार्टला ठाऊकच नसतं. वाजवणार स्टेशन, मोजणारा स्टेशनकडे कान लावून बसलेला. श्रोता या व्यवहारात आहेच कुठे?

अमेरिकेकडे बघा. 'बिलबोर्ड' साप्ताहिकानं 'हॉट हंड्रेड' ही यादी ऑगस्ट १९५८ मध्ये सुरू केली. दुकानातली विक्री आणि रेडिओवरचं वाजणं यांची ती बेरीज. पुढची तेहतीस वर्षं तिला आधार कशाचा होता? सांगोवांगीचा. स्टेशनचा माणूस आपली यादी कळवायचा, दुकानदार काय जोरात खपतंय ते सांगायचा. मोजून काढलेला आकडा कुणाकडेच नव्हता.

जिथे शब्दावर काम चालतं, तिथे शब्द विकला जातो. स्टेशनच्या यादीत गाणं चढायचं, चार्टवर त्याचे गुण पडायचे आणि हवेत ते वाजायचंच नाही. हा प्रकार इतका रुळलेला होता की धंद्यात त्याला नावही होतं, 'पेपर अ‍ॅड'. कागदावर हजर, रेडिओवर गैरहजर.

नोव्हेंबर १९९१ मध्ये बिलबोर्डनं तोंडी हिशेब बंद केला. रेडिओसाठी संगणक बसले. प्रत्येक गाण्याचा ध्वनीचा ठसा त्यांच्याकडे साठवलेला, स्टेशनवर ते गाणं लागलं की आपोआप नोंद. दुकानात बारकोड वाचला की विक्रीची नोंद.

मग काय दिसलं? १९७४ आणि १९७५ मध्ये वर्षाला तीसहून जास्त गाणी नंबर वन झाली होती. २००२ मध्ये दहासुद्धा झाली नाहीत. लोकांची आवड अचानक संथ झाली का? एक मोठं कारण साधं आहे. स्टेशनं एकच गाणं महिनोन् महिने वाजवत होती आणि कळवताना मात्र नवी नावं पुढे करत होती. यंत्रानं ते उघड केलं.

म्हणजे सत्तरच्या दशकातलं नंबर वन आणि २००२ मधलं नंबर वन एकाच रांगेत उभं करता येत नाही. तरी करतात. दर महिन्याला करतात.

एप्रिल १९६४ मध्ये बीटल्सची पाच गाणी हॉट हंड्रेडच्या पहिल्या पाच जागांवर होती. जुलै २०१८ मध्ये ड्रेकची सात गाणी पहिल्या दहांत आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टनं दहाच्या दहा जागा घेतल्या. मथळे आले, 'बीटल्सचा विक्रम मोडला!' अहो, १९६४ मध्ये प्रत्येक गाण्यासाठी श्रोत्याला दुकानात जाऊन वेगळी रेकॉर्ड विकत घ्यावी लागत होती. २०२२ मध्ये अख्खा अल्बम फोनवर एका बोटानं सुरू होतो आणि त्यातलं प्रत्येक गाणं स्वतंत्र मोजलं जातं. स्विफ्टची लोकप्रियता अफाट आहे, त्यात शंका नाही. पण इथे खेळच वेगळा आहे, विक्रम कुठला मोडणार?

नियमही तेवढेच विचित्र. १९९८ च्या डिसेंबरपर्यंत अट अशी होती की गाणं सुटं, सिंगल म्हणून विक्रीला असेल तरच हॉट हंड्रेडवर येईल. कंपन्यांनी काय केलं? हिट गाण्याचं सिंगल काढलंच नाही. एका गाण्यासाठी लोकांना आख्खा अल्बम घ्यायला लावला.

'नो डाउट' या बँडचं 'डोन्ट स्पीक' रेडिओच्या चार्टवर सोळा आठवडे पहिलं होतं. हॉट हंड्रेडवर त्याचं नावही नाही. 'गू गू डॉल्स'चं 'आयरिस' तर अठरा आठवडे रेडिओवर पहिलं. नियम बदलला, मग ते हॉट हंड्रेडवर आलं आणि नवव्या क्रमांकापर्यंतच पोहोचलं. तोवर त्याचा भर ओसरला होता. उद्या कुणी पोरगं जुन्या याद्या चाळून म्हणेल, 'आयरिस? ठीकठाक चाललं होतं.' हा त्या गाण्यावर अन्याय आहे, आणि तो एका कलमानं केला.

बरं, नुसता रेडिओ घेतला तरी मोजायचं काय? दोन रीती आहेत. एक, गाणं किती वेळा लागलं. धंद्याच्या भाषेत स्पिन. दुसरी, ते लागलं तेव्हा किती कानांपर्यंत पोहोचलं असेल. म्हणजे प्रत्येक स्पिनला त्या स्टेशनच्या त्या वेळच्या श्रोतृसंख्येचं वजन. पहिल्या रीतीत पहाटे तीनला छोट्या गावात लागलेलं गाणं आणि सकाळी आठला न्यूयॉर्कमध्ये लागलेलं गाणं सारखंच. दुसरीत त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक. बिलबोर्डच्याच घरात दोन्ही रीती नांदतात. पॉप स्टेशनांचा चार्ट स्पिनवर, सगळ्या रेडिओचा एकत्रित चार्ट श्रोतृसंख्येवर.

एकाच आठवड्यात दोन नंबर वन. दोन्ही खरी.

आणि पहाटे तीनचा स्पिनही मोजला जातो म्हटल्यावर पहाटे तीनला भाव येणारच. २००४ मध्ये अ‍ॅव्हरिल लव्हीनचं 'डोन्ट टेल मी' नॅशव्हिलच्या एका स्टेशनवर एका आठवड्यात शंभरहून जास्त वेळा वाजलं. श्रोते खुळावले नव्हते. रेकॉर्ड कंपनीनं जाहिरातीचा वेळ विकत घेतला होता आणि त्या वेळेत जाहिरात म्हणून आख्खं गाणं लावलं होतं. यंत्राला सूर ओळखता येतो. त्यामागचा पैसा ओळखता येत नाही.

इथे कायदा काय म्हणतो? अमेरिकेत गाणी वाजवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या लाचेला 'पेओला' म्हणतात. तिच्यावर १९५९-६० मध्ये संसदेच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या. रॉक अँड रोल घराघरांत नेणारा निवेदक अ‍ॅलन फ्रीड याची नोकरी गेली, १९६२ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला, दंड झाला ३०० डॉलर. १९६० च्या कायद्यानं मात्र पैसे घेऊन गाणं वाजवायला बंदी घातली नाही. पैसे घेतले हे श्रोत्यांना न सांगणं, तेवढा गुन्हा ठरला.

एवढी ढिली तरतूद, तीही पाळली नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर यांच्या चौकशीनंतर सोनी बीएमजीनं एक कोटी डॉलर मोजून तडजोड केली. वॉर्नर, युनिव्हर्सल आणि ईएमआय मागोमाग आल्या. स्टेशनच्या लोकांना सहली, भेटवस्तू हे तर होतंच. पण मला सगळ्यात जास्त संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. स्टेशनला फोन करून गाण्याची फर्माईश करायला पगारी माणसं ठेवली होती. श्रोत्याचा म्हणून जो एकुलता एक आवाज या यंत्रणेत उरला होता, तोही खोटा काढला.

ब्रिटननं त्यांच्या अधिकृत सिंगल्स यादीत रेडिओ धरलाच नाही. आधी फक्त विक्री, २०१४ पासून स्ट्रीमिंगही. म्हणून 'अमेरिकेत पाचवं, ब्रिटनमध्ये दुसरं' या वाक्याला काडीचा अर्थ नाही.

आपल्याकडे? आपल्याकडे 'बिनाका गीतमाला'. बाळकृष्ण केसकर या मराठी मंत्र्यांनी आकाशवाणीवर सिनेसंगीताची कोंडी केली आणि श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. डिसेंबर १९५२ पासून बुधवारची रात्र अमीन सयानींची झाली. आजही गप्पांत गीतमालेतला क्रमांक पुरावा म्हणून फेकला जातो. पण तिथे एअरप्ले मोजलाच जात नव्हता. आधार होता रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांचा, श्रोता संघांचा कौल. आजच्या एफएमच्या काउंटडाउनशी तिची तुलना कशी करणार?

एफएमवाले तर मोजण्याची पद्धत क्वचितच सांगतात. २००७ मध्ये आपल्याकडे रेडिओचे श्रोते मोजणारी एक पद्धतशीर व्यवस्था सुरू झाली, ती मुंबई, दिल्ली, बंगळूर अशा मूठभर महानगरांत. पुणे, नागपूर, कोल्हापूर त्यात नव्हती. मराठी गाणं कुठल्या शहरांत सर्वाधिक ऐकलं जातं, हे मी सांगायला हवं का?

आणि गीतरामायण? १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि बाबूजींची गाणी आठवड्याला एक या हिशेबानं येत राहिली, एकूण छप्पन. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्याकडे शेजारपाजार जमायचा. स्पिनच्या हिशेबात बसवा ते. आठवड्याला एक नवं गाणं, ते फार तर दोन-तीनदा लागलेलं. कुठल्याही एअरप्ले चार्टवर शंभरातही आलं नसतं.

तेव्हा काउंटडाउन चालवणाऱ्या प्रत्येक स्टेशनानं, वेबसाइटनं, अ‍ॅपनं यादीखाली चार ओळी टाकाव्यात. किती स्टेशनं मोजली, कुठल्या शहरांतली, दिवसाचे कुठले तास, आणि विकत घेतलेल्या वेळेतलं वाजणं वगळलं का. निवेदकानंही पहिला क्रमांक पुकारण्याआधी त्या वाचून दाखवाव्यात. वीस सेकंद लागतील. तेवढ्यात कुठलीच जाहिरात बुडत नाही.